पट्टी वर गेली तो दिवस

सकाळचे आठ

शटर वर गेलं की आधी उदबत्ती, मग इन्व्हर्टर, मग झेरॉक्स मशीन आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. मशीन तापायला वेळ घेतं म्हणून त्याचा नंबर आधी. आमच्या तेलंगणातल्या बोथमध्ये ऑनलाइन सेंटरचा दिवस एमआरओ ऑफिसच्या, म्हणजे मंडळाच्या महसूल कचेरीच्या, बराच आधी उजाडतो, आणि नोव्हेंबरात तर विचारू नका. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना शेतावर निघायच्या आत अंगठा लावून खात्यातले पैसे काढायचे असतात. ऑटो भरला की निघतो. तो कुणाच्या अंगठ्यासाठी थांबत नाही.

दुकानात कॉम्प्युटर दोन. पुढचा विंडोज 10 चा, काउंटरवर तिरका ठेवलेला, म्हणजे स्क्रीन मलाही दिसते आणि समोर उभं असणाऱ्यालाही. कोपऱ्यातला जुना, विंडोज 7 चा. त्याच्यावर भाचा पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनची कामं करतो. भाचा इंटरला आहे. कॉलेजच्या आधी आणि नंतर दुकानातच असतो.

आज पुढचा कॉम्प्युटर चालू केला, ब्राउझर उघडला, आणि वाटलं की दुसऱ्याच कुणाच्या दुकानात येऊन बसले. टॅबचे कोपरे गोल झालेले. वरची पट्टी जाड. पत्त्याच्या रकान्याशेजारी कसलंसं नवं चिन्ह. मी रांगेत लावून ठेवलेल्या साइटींची नावं गायब. आणि मधोमध इंग्रजीत आनंदाची बातमी: नवं काय काय आलंय ते पाहा. मला काहीही पाहायचं नव्हतं. रात्री कधीतरी त्याने स्वतःच स्वतःला नवं करून घेतलं होतं.

सव्वाआठ

पहिलं गिऱ्हाईक सोनाळ्याकडची मुलगी. स्कॉलरशिपसाठी इन्कम सर्टिफिकेटची प्रिंट हवी होती. नंबर टाकला, डाउनलोड दाबलं आणि माझा हात माउससकट स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे काहीच नव्हतं. इतकी वर्षं फाइल उतरली की खाली एक पट्टी यायची, तिच्यावर फाइलचं नाव यायचं, त्यावर टिचकी मारली की प्रिंट. आता खाली नुसतं पांढरं. परत दाबलं, परत पांढरं. मग वर उजव्या कोपऱ्यात एक बारीक बाण निळा होऊन विझताना दिसला. फाइल तिथे गेली होती, दोनदा.

कुणी म्हणेल, एवढ्यात काय बिघडलं? खाली होतं ते वर गेलं. सांगते काय बिघडलं. घरी एकट्याने कॉम्प्युटर वापरणाऱ्याची स्क्रीन एकटाच वाचतो. माझी स्क्रीन दोघं वाचतात, आणि समोरच्याला बऱ्याचदा इंग्रजी येत नाही, कधी कधी कुठलंच वाचता येत नाही. तरीही तो वाचतो. जागेवरून वाचतो. मध्ये गोल फिरत असेल तर सर्व्हर डाऊन. लाल काही आलं तर पैसे अडकले. खाली पट्टी आली की काम झालं. कितीतरी बाया माझ्याआधी म्हणायच्या, "आलं बघ अक्का, खाली आलं." त्यांनी ही अक्षरं कधी गिरवली नव्हती, पण पाठ केली होती. माझ्या हाताचंही तेच. एका दिवसात तेलुगूतला फॉर्म, इंग्रजीतली साइट आणि मराठीतलं गिऱ्हाईक असं सगळं सांभाळायचं असतं तेव्हा हाताने डोळ्याला विचारायचं नसतं. पेरणीच्या आदल्या रात्री कुणी तिफणीचे फण पुढे-मागे करून ठेवावेत आणि सकाळी सांगावं, आता ही जास्त सुंदर दिसते, तसं वाटलं.

मुलीची प्रिंट निघाली. तीही कडेने कापलेली, कारण नव्या ब्राउझरने पानाचं माप आपल्या मनाने धरलं होतं. दुसरी काढली. पहिलीचे पैसे घेतले नाहीत.

साडेआठ ते दहा

आता बाया आल्या. सहसा हे काम मिनिटांचं. आधार नंबर, बँक निवडायची, रक्कम टाकायची, यंत्राच्या काचेत लाल दिवा लागतो, बोट ठेवायचं, पावती. आज दिवाच लागेना. स्क्रीनवर वाक्य आलं की डिव्हाइस सापडत नाही.

डिव्हाइस माझ्या हातात होतं.

वायर काढून लावली. दुसऱ्या भोकात लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथे गाणं वाजत राहिलं. तेवढ्यात बाहेर ऑटोवाला हॉर्न मारायला लागला. दोघीतिघी न बोलता गेल्या. एकीने मागितले म्हणून गल्ल्यातले दोनशे दिले. पुढे उभ्या असलेल्या आजी मात्र हलेनात. त्यांनी अंगठा पदराला पुसला, मग ओला केला, मग परत पुसला आणि म्हणाल्या, "माझंच बोट गेलं असंल बाप्पा. बोंडं वेचून वेचून रेघा राहिल्याच न्हाईत."

हे मला दिवसभर टोचत राहिलं. त्यांचं म्हणणं एरवी खोटं नसतं. नोव्हेंबरात कापसाच्या वाळक्या बोंडांच्या टोकांनी बोटं इतकी सोलली जातात की यंत्र खरंच ओळखत नाही, दुसऱ्या हाताचं बोट लावावं लागतं. म्हणून बाईला सवय झाली आहे की यंत्र चाललं नाही तर दोष आपल्या अंगात. आज यंत्राला त्यांचं बोट दिसलंसुद्धा नव्हतं. तरी दोष त्यांनीच घेतला.

शोध भाच्याने लावला. कॉलेजला निघता निघता तो वाकला आणि म्हणाला, "मामी, ते वर काय आलं होतं?" वर डाव्या कोपऱ्यात एक लहान चौकट क्षणभर येत होती. सूचना पाठवू का, लोकेशन पाहू का, अशा चौकटी दिवसभर येत असतात आणि त्या बंद करणं हे शहाण्या माणसाचं काम असतं. ही चौकट दिसायला अगदी तशीच. फक्त विचारत होती की ही साइट तुमच्या जवळपासची उपकरणं शोधू पाहते, शोधू द्यायची का. हो म्हटलं. लाल दिवा लागला.

आजींचे पैसे निघाले. अंगठा पहिल्या खेपेला लागला.

नंतर सवड मिळाली तेव्हा हे काय होतं ते समजून घेतलं. अंगठ्याचं यंत्र थेट साइटशी बोलत नाही. कॉम्प्युटरमध्ये आरडी सर्व्हिस नावाचा एक छोटा प्रोग्राम चालू असतो. तो कुलूप लावलेला ठसाच पुढे देतो. साइट ब्राउझरमार्फत ह्याच कॉम्प्युटरच्या आत, 11100 ते 11120 ह्या क्रमांकांच्या पोर्टांवर हाका मारते आणि तो प्रोग्राम सापडला की काम पुढे जातं. पूर्वी ह्या हाका कुणी अडवत नव्हतं. अडचण अशी की तीच मोकळीक चोरट्या साइटीलाही होती. एखादं फालतू पान उघडलं तर तेही तुमच्या घरातल्या राउटरला, प्रिंटरला, आतल्या प्रोग्रामला गुपचूप हाक मारून पाहू शकत होतं. म्हणून आता आधी विचारतात. अंगठ्यावर पैसे काढून देणारं माझं दुकान; ह्या कुलपाला नको म्हणायचा अधिकार मला नाही. उलट ते आधीच यायला हवं होतं.

माझं भांडण वेगळं आहे. हे कुलूप आणि ती वर पळालेली पट्टी, दोन्ही एकाच पुड्यात बांधून आली. एक माझ्या आजींच्या पैशांसाठी होतं. दुसरं कुणासाठी होतं ते अजून कळलेलं नाही. आणि पुडा फोडताना हे ठेव, ते परत ने, असं म्हणायची सोय नाही. गोल कोपरे नकोत म्हणून अपडेट बंद करावं तर कुलूपही जातं.

दहा ते साडेअकरा

एमआरओ ऑफिस उघडलं की दुकानातली भाषा बदलते. कास्ट, इन्कम, पहाणी, पट्टा. ह्या वेळात मी मान वर करत नाही. आज करावी लागली, कारण प्रत्येक साइट नव्याने शोधावी लागत होती. पावती वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या साइटींची खिडकी ब्राउझर दाबून टाकत होता. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट आधी वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडायचं आणि सहीवर बरोबरची खूण दिसायची. आता ते ब्राउझरच्याच पोटात उघडत होतं आणि तिथे सहीची खूण तपासलीच जात नाही. एका पोराने विचारलं, "अक्का, हे डुप्लिकेट तर नाही ना?" सेटिंगमध्ये जाऊन ते परत बाहेर उघडायला लावलं.

मग गुरुजी आले. मूळचे इस्लापूरकडचे, तिकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, आता इथे लेकीकडे असतात. पेन्शन महाराष्ट्राची, राहणं तेलंगणात, शेतीचा एक तुकडा अजून किनवट तालुक्यात. नोव्हेंबरात त्यांची दोन कामं असतात, हयातीचा दाखला आणि सातबारा. पाठीमागे रांग आणि माझ्या कपाळाला आठ्या पाहून म्हणाले, "काहून एवढी तापली?"

मी म्हटलं, "न विचारता सगळं हलवून ठेवलं, गुरुजी."

ते हसले. "आमच्या बापाला कुणी विचारलं होतं का? 1956 च्या नोव्हेंबरची एक तारीख. बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल तेवढं मुंबई राज्यात, बाकी बोथ आंध्रात. किनवट तिकडं, राजुरा तिकडं. बाप म्हणायचा, रात्री झोपलो तेव्हा तालुक्याचं गाव बोथ होतं."

त्यांच्या वडिलांनी नंतर काय केलं हे मला माहीत आहे, कारण गुरुजी दर वर्षी सांगतात. बाजाराला बोथलाच येत राहिले. सोयरिकी इकडेच केल्या. कागदावरची रेघ त्यांनी मानली, पण पायाखालची वाट सोडली नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत एवढी सोय नाही. जुनी वाट उरतच नाही.

गुरुजींचा हयातीचा दाखला फोनवर झाला. 2021 पासून जीवन प्रमाणला चेहरा चालतो. फोन समोर धरायचा, डोळे मिचकवायचे, झालं. सातबाऱ्याला मात्र कॉम्प्युटरच लागला. महाराष्ट्राच्या महाभूमी साइटवरून डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो. पैसे भरले, डाउनलोड दाबलं, आणि गुरुजींनी सवयीने बोट खाली दाखवलं. "वर, गुरुजी," मी म्हटलं. त्यांनी बोट वर नेलं. शिक्षक माणूस, एकदा सांगितलं की पुरतं.

बारा

एमआरओ ऑफिसची गर्दी ओसरली. चहा आला.

ह्या धंद्यात मी ब्राउझरची बरीच राज्यं पाहिली. सुरुवातीला इंटरनेट एक्सप्लोरर. सरकारी साइटींच्या तळाशी लिहिलेलं असायचं की ही साइट एक्सप्लोररमध्ये आणि 1024 बाय 768 मध्ये चांगली दिसेल. त्याच्याशिवाय डिजिटल सहीची डोंगल चालत नव्हती, बऱ्याच ठिकाणी. पेपरांच्या साइटीही आपापला फॉन्ट घेऊन यायच्या आणि एक्सप्लोररमध्येच धड दिसायच्या. फायरफॉक्समध्ये मराठी पेपर उघडला की किडे-मुंग्या. तेव्हा पद्मा नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते तेलुगू पेपरांची आणि आपल्या देवनागरीतल्या पेपरांची अक्षरं युनिकोडमध्ये फिरवून द्यायचं. बोथसारख्या दोन भाषांच्या गावात त्याची किंमत कळायची.

तेव्हा तक्रार आजच्या उलट होती. कुणी अपडेटच करत नव्हतं. एक्सप्लोरर 6 आला 2001 मध्ये आणि दहा वर्षं झाली तरी लोकांनी सोडला नाही. शेवटी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टलाच त्याला निरोप देण्याची मोहीम काढावी लागली. त्याआधी 2010 च्या जानेवारीत गूगलवरच्या एका मोठ्या हल्ल्यात एक्सप्लोररमधलं भोक वापरलं गेलं, आणि जर्मनी-फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी लोकांना सांगितलं की तूर्त दुसरा ब्राउझर वापरा. लोकांवर सोडलं तर लोक भोकं बुजवत नाहीत, हा धडा सगळ्यांनी त्यातून घेतला. क्रोम तर 2008 मध्ये आला तोच गुपचूप स्वतःला नवा करत. फायरफॉक्सने 2011 पासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली. आता चारेक आठवड्यांवर आलं आहे. मी म्हणते, भोकं बुजवा, रोज बुजवा. पण गवंडी आत आलाच आहे तर चूल हलवून जातो, ही रीत तिथून पडली.

लोकांनी काही कमी धडपड केली नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये फायरफॉक्स 29 ने रूप बदललं, तेव्हा चिडलेल्यांसाठी क्लासिक थीम रिस्टोरर नावाचं एक्स्टेन्शन निघालं. ते टाकलं की सगळं आधीसारखं. साडेतीन वर्षं माणसं त्याच्या आडोशाला राहिली. 14 नोव्हेंबर 2017 ला फायरफॉक्स 57 आला, वेगाने चांगला, पण त्याने जुन्या धाटणीची सगळी एक्स्टेन्शनं एका फटक्यात बंद केली. आडोसाही गेला.

एक्सप्लोररचं शेवटी काय झालं? 15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टने त्याला रजा दिली. दक्षिण कोरियात तर लोकांना बँक आणि सरकारी कामांसाठी वर्षानुवर्षं त्याच्याशीच बांधून ठेवलं होतं. तिथल्या एका इंजिनिअरने ग्योंगजू शहरात त्याची काळ्या दगडाची समाधी केली, आणि दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हे फार कामाचं होतं, अशा अर्थाचं त्यावर कोरलं. फोटो पाहून मी खूप हसले होते. हसण्यात सुटका होती. एक्सप्लोरर मेला तेव्हा मी हळहळले नव्हते, हेही सांगायला हवं. म्हणजे मला बदल नको असतो असं नाही.

दीड

भाकरी, आंबाडीची भाजी, ठेचा. जेवताना कुणीतरी आलंच: एकच झेरॉक्स, दोन रुपये, शंभराची नोट.

दोन ते चार

दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर पुढचा कॉम्प्युटर चालवायचा की झेरॉक्स, असा प्रश्न येतो, म्हणून डिग्रीवाल्या पोराचा फॉर्म भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडला. तो वीज कमी खातो. साइटने दारातच अडवलं. म्हणे, तुमचा ब्राउझर जुना आहे, अपडेट करा.

करा म्हणजे काय करा? अपडेटचं बटण दाबलं तर उत्तर येतं की ह्या विंडोजवर नवी आवृत्ती मिळणार नाही. विंडोज 7 ची देखभाल 14 जानेवारी 2020 लाच थांबली. त्याच्यावर चालणारा शेवटचा क्रोम 109. 2023 च्या फेब्रुवारीत 110 आला तो विंडोज 10 आणि पुढच्यांसाठीच. आता 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चीही नेहमीची देखभाल संपली, आणि विंडोज 11 ला जी चिप लागते ती माझ्या पुढच्या कॉम्प्युटरमध्येही नाही. म्हणजे आज जो न मागता नवा झाला, तोही उद्या कोपऱ्यातच जायचा.

एकाच खोलीत चार हातांच्या अंतरावर दोन यंत्रं. एकाला नको असताना मिळतं, दुसऱ्याला मागून मिळत नाही. हे ठरवणाऱ्या माणसाच्या टेबलावर बहुधा एकच कॉम्प्युटर असतो आणि तो नवा असतो.

पोराला म्हटलं, वीज आली की ये. तो समोरच्या ओट्यावर फोन बघत बसला.

साडेचार

कॉलेज सुटून भाचा परतला. येताना वर्गातून उत्तर घेऊन आला होता. फायरफॉक्सची ईएसआर म्हणून एक शाखा असते, 2012 पासून. मोठ्या ऑफिसांसाठी काढलेली. तिच्यात भोकं वेळच्या वेळी बुजवतात, पण रूप आणि नव्या करामती वर्षाकाठी एकदाच येतात. आणि विंडोज 7 साठी तिची 115 नंबरची आवृत्ती मोझिलाने मुदत वाढवत वाढवत चालू ठेवली.

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. म्हणजे सकाळपासून मी जे मागत होते ते जगात आहे. दुरुस्ती वेगळी, मांडणी वेगळी. फक्त ते मोठ्या ऑफिसांसाठी आहे असं समजून कुणी सांगितलं नाही. ज्या ऑफिसात हजार कॉम्प्युटर आहेत तिथे लोकांची सवय मोडली तर किती तास वाया जातील, ह्याचा हिशोब कुणीतरी मांडला. बोथच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्यांचे तास कुणाच्या वहीत नाहीत. ऑफिसातल्या माणसाचे तास वाया गेले तरी पगार मिळतो. वेचणीची बाई उशिरा पोचली तर रोज बुडतो.

त्याने जुन्या कॉम्प्युटरवर ईएसआर चढवली. डिग्रीवाल्या पोराची साइट उघडली. ओट्यावरून त्याला हाक मारली.

पाच

कापसाचे शेतकरी. 2025 च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, कापूस घालायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आणि स्लॉट. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल होता, ओलावा 8 टक्क्यांत बसला तर; 12 टक्क्यांपर्यंत कापून मिळायचा. ॲप फोनवरचं, पण फोन घेऊन माणसं माझ्याकडेच येतात. त्यातही एकाच्या फोनने सकाळी ॲप नवं करून टाकलं होतं आणि तो म्हणाला, "काल हे बटण हिरवं होतं." मी म्हटलं, "बसा काका, आज सगळ्यांचंच तसं आहे."

साडेसहा

ऑटो परतले. सकाळच्या बाया आल्या, डोक्याला कापसाचे धागे चिकटलेले. दोनशे रुपये परत आले. अंगठे लागले, बहुतेक. दोघींना दुसरं बोट लावावं लागलं. आजी पैशांसाठी नव्हत्या, नातीला घेऊन मुद्दाम आल्या होत्या. बोट चालतं की नाही, एकदा परत पाहून घ्यायचं होतं. मी शिल्लक दाखवून दिली. "चालतंय," नात म्हणाली. आजींनी तिच्याकडे नाही, यंत्राकडे पाहून मान हलवली.

मी त्यांना सांगितलं की सकाळी तुमच्या बोटाचा काही दोष नव्हता, कॉम्प्युटरनेच दार लावून घेतलं होतं. त्यांना ते पटलं असं वाटत नाही.

आठ

शटर अर्धं. भाचा म्हणाला, "पुढच्या कॉम्प्युटरचं अपडेट बंदच करून टाकू. युट्यूबवर आहे, दोन मिनिटांचं काम." नाही म्हटलं. लोकांचे पैसे ह्या खिडकीतून निघतात. भोक उघडं ठेवून मला झोप यायची नाही.

मग आम्ही दोघांनी बसून जमेल ते केलं. साइटींची रांग परत लावली. सर्टिफिकेटं आणि प्रिंटसाठी पुढच्या कॉम्प्युटरवरही ईएसआर घेतली; पान बरोबर मापात यायला लागलं. अंगठ्याची साइट मात्र तिथे चालेना, तिला तो सकाळचाच ब्राउझर पाहिजे. असू दे. दोन ब्राउझर, दोन कामं. भाच्याचा आग्रह होता की ईएसआर मराठीत करू, मिळते. केली. मेनू वाचायला जरा वेळ लागला, पण समोर उभं असणाऱ्यांतल्या ज्याला वाचता येतं त्याला माझ्याइतकंच कळेल.

पुढच्या ब्राउझरच्या कोपऱ्यात परत एक खूण आली होती. आणखी एक अपडेट तयार, बंद करून उघडलं की लागू. एरवी मी ती तशीच ठेवते आणि सकाळी रांगेसमोर ती आपल्या वेळेने फुटते. आज रात्रीच दाबली. पुढेही रात्रीच दाबायची, शटर खाली असताना, म्हणजे काय हललंय ते गिऱ्हाइकाच्या आधी मला कळेल. उघडल्यावर एकेक साइट तपासली. पट्टी वरच होती. अंगठ्याचं यंत्र चालतं का पाहायला स्वतःचाच अंगठा लावून शिल्लक काढली. यंत्र चालतंय. शिल्लकेबद्दल बोलण्यासारखं काही नाही.